साखर कुणी वाढली

"साखर वाढलीय, नाना," डॉक्टर पाटणे रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाले.

"कुणी वाढली?" नानांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान वर केली.

"नाही, आमच्या घरात वाढणारं माणूसच उरलं नाही. म्हणून विचारतोय."

डॉक्टर चष्मा काढून हसले. मीही हसले. फेब्रुवारीतला रविवार होता. दवाखाना खरं तर बंद. पण डॉक्टरांच्या लग्नातली पंगत नानांनी सांभाळली होती, तेव्हापासून आमच्यासाठी ते दार रविवारीही उघडायचं.

"चेष्टा पुरे. गोड काय खाता?"

"काही नाही."

"चहात?"

"बिनसाखरेचा. हौसाबाई चिमूटभर घालत नाहीत. वाटल्यास लेकीला विचारा, समोरच बसलीय."

"काय गं वृंदा, खातात का चोरून?"

"मी आल्यापासून तरी काही दिसलं नाही," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून आले होते.

"एक गोळी वाढवतो," डॉक्टर लिहीत म्हणाले. "आणि चालणं वाढवा."

"सगळं वाढवा," नाना गुडघा धरून उठत म्हणाले. "फक्त ताटात काही वाढू नका."

घरी येऊन मी स्वयंपाकाला लागले. रविवारी हौसाबाईंची सुट्टी असे. त्या पंधरा वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या, आणि आई गेल्यापासून घर त्यांच्याच जिवावर चाललं होतं. पण अकराला सगळं झाकून ठेवून त्या पुढच्या घरी जात. नाना एकटे जेवत.

गाळणी शोधताना मी ओट्याखालचा शेवटचा खण उघडला. त्यात मिठाईचे रिकामे खोके होते. घड्या मोडून सपाट केलेले, दहा-दहाचा गठ्ठा करून दोऱ्यानं बांधलेले. नाना एस. टी.त वाहतूक नियंत्रक होते. ऑफिसातले कागद ते असेच बांधायचे. मी गठ्ठे मोजले नाहीत. खण होता तसा लावला.

दारात नाना उभे होते, हातपाय धुऊन, खांद्यावर पंचा.

"सापडलं का काही?"

"गाळणी."

"ती त्या खणात नसते."

"नव्हतीच. इथं वर सापडली."

ते खुर्ची ओढून बसले. मी पान घेतलं.

सांगलीत नानांना एस. टी.मुळे कुणी ओळखत नसे, ओळखत ते वाढपी म्हणून. लग्न असो, मुंज असो, धोतराचा काचा मारून ते पंगतीत उतरायचे, आणि कुणाच्या पानात काय संपलंय हे त्यांना चार पानं अलीकडून कळायचं. घरी मात्र त्यांचा एकच नियम होता. आपल्या हातानं वाढून घ्यायचं नाही. आई होती तोवर तिनं वाढायचं, यांनी पानावर हात आडवा धरून पुरे म्हणायचं, तिनं तरीही अर्धी पोळी टाकायची, यांनी रागावल्यासारखं करायचं. ही करमणूक दोघांनी पन्नास वर्षं केली.

"भात?" मी विचारलं.

"थोडा."

मी थोडा वाढला.

"अगं, थोडा म्हटलं की थोडाच वाढतेस? आग्रह म्हणून काही असतं की नाही?"

"डॉक्टरांनी आत्ता काय सांगितलं?"

"भात कमी करा म्हणाले. आग्रह कमी करा असं नाही म्हणाले."

मी आणखी अर्धी मूद टाकली. ते खूश झाले. वरण कालवता कालवता म्हणाले, "तुला वाढता येत नाही ते येत नाहीच. तू माझ्या तोंडाकडे बघतेस. पंगतीत माणूस तोंडानं नकोच म्हणतो. हात बघायचा. हे बघ." त्यांनी डावा पंजा पानावर आडवा धरला. "बोटं अशी फाकली असली की खुशाल वाढायचं. अशी मिटलेली असली की पुढं सरकायचं. मिटल्या बोटांवर एक कण जरी वाढला, तर तो जुलूम."

"आणि कुणी हातच धरला नाही तर?"

"मग वाढप्यानं थांबायचं. कुणीतरी थांबायला हवं की नको?" पाण्याच्या तांब्याशेजारी त्यांचा फोन पडला होता. त्याकडे हनुवटीनं दाखवत ते म्हणाले, "हा तुझा वाढपी बघ. रोज दुपारी चारला विचारतो, आज काही गोड? आग्रह झकास करतो बेटा. दहा मिनिटांत दाराशी. पण हात बघत नाही."

ते अ‍ॅप मीच बसवून दिलं होतं. आई गेली त्या वर्षी नानांचा गुडघा गेला, बाजार सुटला, तेव्हा औषधं आणि भाजी घरपोच यावी म्हणून. ओटीपीची भानगड त्यांना जमेना. म्हणून खातं माझ्या नंबरावर ठेवलं.

"वृंदा."

"काय?"

"मी काय मागवतो ते तुझ्या फोनवर कळतं का गं?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. भाताची मूद बोटांनी सारखी करत होते. माझ्या हातात मेथीच्या भाजीचा डाव होता.

"नाही," मी म्हणाले. "मला कसं कळणार?"

"असं होय."

मग बराच वेळ ते जेवले. मी डाव खाली ठेवला होता, काहीच वाढत नव्हते. तरी त्यांनी पानावर हात आडवा धरला. बोटं घट्ट मिटलेली.

"काय झालं? मी कुठं वाढतेय?"

त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"काही नाही. सवय."

अडीचच्या गाडीला मी निघाले. ते फाटकापर्यंत आले, गुडघा दुखत असताना.

"येते नाना."

"ये. पोचलीस की कळव. आणि पुढच्या खेपेला ते तुझ्या ग्रंथालयातलं जाड पुस्तक आण, अक्षर मोठं असलेलं."

"कुठलं?"

"कुठलंही आण. अक्षर मोठं हवं."

कराडच्या अलीकडे पर्समध्ये फोन वाजला. चार वाजून बारा मिनिटं. *तुमची ऑर्डर पोहोचली आहे. बालूशाही, पाव किलो.* मी वाचलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीला डोकं टेकलं. मला छान झोप लागली. पुण्यात शिरेपर्यंत जाग आली नाही.

सोमवारी चारला संदेश आला. मंगळवारी आला. बुधवारी सकाळी पावणेदहाला हौसाबाईंचा फोन आला.

"ताई, नाना उठंनात," त्या म्हणाल्या, एवढंच.

डॉक्टर पाटण्यांनी हृदय सांगितलं. झोपेतच. "मधुमेह एवढा वाढला की दुखतसुद्धा नाही," ते म्हणाले. "त्यांनी खाल्लं काय पण? गोळ्या घेऊन एवढी साखर राहते कशी?" ते मला विचारत नव्हते, मोठ्यानं स्वतःशीच बोलत होते.

तेराव्या दिवशी गोडाचं जेवण झालं. नानांनी आयुष्यभर वाढलेली माणसं जेवून गेली. चार वाजत आले तेव्हा घरात आम्ही तिघंच उरलो: मी, हैदराबादहून आलेला माझा धाकटा भाऊ शेखर, आणि भांडी विसळणाऱ्या हौसाबाई. शेखरला परतायचं होतं. तो खण रिकामे करत होता.

"हे काय आहे?"

त्याच्या दोन्ही हातांत दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे होते. त्यानं एक ओट्यावर टाकला, मग दुसरा, तिसरा. दोरा तुटून खोके जमिनीवर पसरले.

"हौसाबाई, हे काय आहे?"

त्यांनी हात पुसले. "नाना खायाचे, दादा."

"आणि तुम्ही आणून द्यायचात."

"मी न्हाई आनलं."

"मग नाना चालत गेले बाजारात? फाटकापर्यंत जाता येत नव्हतं त्यांना!"

"फोनवरनं यायचं. दुपारचं. मी नसायची तवा. मी सकाळी खोका बगायची, बोलायची बी. ऐकतात व्हय?"

"फोनवरून." शेखर माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा तेरा दिवसांत पहिल्यांदाच रडल्यासारखा झाला होता. "वृंदा, ते अ‍ॅप तुझ्या नंबरावर आहे ना? तुला कळलं असेल मग. आलं होतं असलं काही?"

त्याच वेळी माझ्या हातातला फोन वाजला. चार. पडद्यावर आलं: *आज काही गोड? तुमची नेहमीची ऑर्डर पुन्हा मागवा.* खाली बालूशाहीचा फोटो होता.

"काय आहे?" शेखर म्हणाला.

"ऑफिसचं." मी फोन पालथा करून ओट्यावर ठेवला. "अ‍ॅपवर भाजी आणि औषधं यायची. एवढंच."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भांडं चुलीवर ठेवल्यावर उतू जातंय का ते बघावं तसं, थोडा वेळ थांबून. मग त्यांनी पदर खोचलेला सोडला. फळीवर त्यांचा चहाचा एक पितळी पेला असायचा, तो घेतला आणि पिशवीत टाकला.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

पंधरा वर्षं त्या रोज 'येते' म्हणून गेल्या होत्या.

शेखर वाईट माणूस नाही. पण त्याला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि फाटकात शेजारची दोन माणसं उभी होती. त्यांच्या देखत त्यानं हौसाबाईंना, पुन्हा या घराची पायरी चढू नका, असं सुनावलं. महिन्याभरात हौसाबाईंची आणखी तीन घरं सुटली. म्हाताऱ्याला गोड घालून घालून मारलं, असं लोक म्हणतात हे मला पुण्यात कुणीतरी फोनवर सांगितलं. मी म्हणाले, लोकांना काय, बोलायला काहीतरी हवं असतं.

याला सहा वर्षं झाली.

या सहा वर्षांत मी दोनदा फोन बदलला. दोन्ही वेळा ते अ‍ॅप नव्या फोनवर घेतलं. रोज चारला ते विचारी, आज काही गोड? नानांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी 'पुन्हा मागवा'वर बोट ठेवलं. पत्ता बदलायचा का, असं आलं. बदलला. दहा मिनिटांत बालूशाही आली. मी दोन खाल्ल्या. एक त्यांची, एक माझी.

नंतर निवृत्त झाले. फ्लॅटमध्ये एकटी असते. पुस्तकं पुष्कळ आहेत आणि वेळही आहे. तरी साडेतीनपासून नजर फोनकडे जायला लागली. खोका यायचा. मी ताट घेत नसे, खोक्यातूनच खायची, वाचता वाचता. पान संपायचं, खोका संपायचा. किती खाल्लं ते आठवत नसे, कारण कुणी विचारत नसे. रिकामे खोके मी सपाट करून ठेवते हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन गठ्ठे झाले होते.

यंदा जानेवारीत इथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "साखर वाढलीय तुमची," त्या म्हणाल्या.

"कुणी..." मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीची गाडी पकडली.

हौसाबाई सांगली सोडून बुधगावात राहत होत्या, रस्त्याला लागून. शोधावं लागलं नाही. 'हौसाबाईंची खानावळ' अशी पाटीच होती. दुपारचे साडेतीन झाले होते, गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात ट्रकवाले वाटावेत असे दोघंजण जेवत होते. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. केस पार पांढरे.

"हौसाबाई."

त्यांनी वळून पाहिलं. ओळखायला क्षण लागला, की ओळखून क्षणभर थांबल्या, ते कळलं नाही.

"वृंदाताई? बारीक झालाय की जाड, काय कळंना. बसा."

"मी जेवायला नाही आले. बोलायचंय."

"उपाशी पोटी काय बोलता? तिकडं नळ हाय, हात धुवा."

मी हात धुतले. त्यांनी ताट मांडलं. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा, चटणी. पितळी पेल्यात पाणी. तोच पेला.

"तुमच्या दादांनी हाकललं ते बरंच झालं म्हना," त्या समोरच्या बाकावर बसत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरी किती दिस भाकऱ्या थापल्या असत्या? आता रोज चाळीस मानसं जेवत्यात हितं." त्या हसल्या. मग हसू थांबलं. "पयलं वरीस लई वंगाळ गेलं. कुनी दारात उभं करंना. पोरगी म्हनायची, आई, तू खरंच दिलंस का गं? पोटची पोरगी."

मी घास तसाच धरून बसले.

"जेवा की. आनखी एक भाकरी?"

"नको." मी ताटावर हात आडवा धरला.

त्यांनी हाताकडे पाहिलं आणि अर्धी भाकरी टाकली. "बोटं फाकलीत तुमची."

"हे तुम्हाला..."

"नानांनीच शिकवलं. दुसरं कोन शिकवनार?" त्यांनी भाकरीची टोपली मांडीवर घेतली. कोपऱ्यातल्या दोघांवर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुमाला म्हनून सांगते. मी त्यांस्नी रोज बोलायची, नाना, बंद करा ते गोड. तर म्हनायचे, हौसाबाई, माझी लेक पुन्यात बसून बगतीय सगळं, तिच्या फोनवर कळतं. ज्या दिशी ती पुरे म्हनंल, त्या दिशी बंद. मी म्हनायची, लेकीची वाट कशाला, तुमीच पुरे म्हना की. तर म्हनायचे, कुनाला म्हनू? समोर वाढनारं मानूस असलं तर पुरे म्हनता येतं. त्या फोनला हात आडवा धरून काय दिसतंय?"

चुलीतलं लाकूड खाली सरकलं. त्यांनी ते आत ढकललं.

"मग तुमी आला होता बगा, त्या रविवारी. सोमवारी मी गेले तर गप बसलेले. म्हटलं काय झालं, लेक गेली म्हनून का? तर म्हनाले, हौसाबाई, तिला कळत न्हाई म्हनं. मी आपलं उगीच समजून चाललो होतो. एवढंच बोलले. च्या बी घेतला न्हाई."

"हे तुम्ही तेराव्याला का नाही सांगितलंत? शेखरसमोर?"

"तुमी म्हनाला होता की भाजी आन औषदं. घरच्या लेकीनं सांगितल्यावर मी काय बोलनार?" त्यांनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "आन मला वाटलं, तुमाला खरंच कळत नसंल. मिशीनच ते. बिगडलं असंल."

माझ्या ताटाशेजारी फोन वाजला. चार वाजले होते. पडदा उजळला, बालूशाहीचा फोटो आला.

"कुनाचा?" हौसाबाईंनी विचारलं.

मी फोन पालथा केला नाही. तो त्यांच्याकडे वळवून ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण फोटो त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"मशीन बिघडलं नव्हतं," मी म्हणाले. "मला कळत होतं. दिवाळीपासून रोज. चार वाजले की ग्रंथालयात माझा हात फोनकडे जायचा. बालूशाही पोचली असं आलं, की नाना आहेत, बसते-उठते आहेत. मग मला फोन करावा लागत नसे. पुरे म्हटलं असतं तर तो संदेश बंद झाला असता. मग मला रोज फोन करून विचारावं लागलं असतं, जेवलात का."

हौसाबाईंचा हात टोपलीवर होता.

कोपऱ्यातल्या दोघांनी जेवण थांबवून आमच्याकडे पाहिलं. मी आवाज खाली आणला नाही.

"साखर मी वाढली, हौसाबाई," मी म्हणाले. "तुम्ही नाही. मी वाढली."